शंका आली, चिठ्ठी दिली, पुढे काय? लहान मुलांच्या दवाखान्यांना अर्ली इंटरव्हेन्शन समजावताना

लहान मुलांच्या दवाखान्यांमध्ये जाऊन अर्ली इंटरव्हेन्शनबद्दल बोलायचं, हे माझ्या कामातलं एक काम आहे आणि सुरुवातीला मी ते साफ चुकीच्या पद्धतीने करत होते. चाळीस स्लाइड्सचं प्रेझेंटेशन, त्यात मेंदूची रंगीत चित्रं, विकासाच्या टप्प्यांचे तक्ते, आणि समोर बसलेले डॉक्टर, ज्यांना हे सगळं माझ्यापेक्षा जास्त माहीत. ते सभ्यपणे ऐकायचे, घड्याळ बघायचे, छान झालं म्हणायचे. एकदा असंच सगळं आवरून निघताना रिसेप्शनवरच्या ताईंनी थांबवलं आणि विचारलं, "अहो, डॉक्टर चिठ्ठी देतात ना तुमच्याकडची, मग ते लोक आम्हाला विचारतात कुठे जायचं, कोणाला भेटायचं, काय सांगायचं असतं त्यांना?" तासभर बोलून मी या बाईंसाठी एक वाक्यसुद्धा बोलले नव्हते, आणि मूल माझ्यापर्यंत पोचणार की नाही हे बऱ्यापैकी त्यांच्याच हातात होतं.

तर हा लेख त्यांच्यासाठी. म्हणजे डॉक्टर, नर्स, रिसेप्शन, लसीकरणाचं काम बघणारे, सगळ्यांसाठी, आणि आईबाबांनी वाचला तरी काही बिघडत नाही.

आधी शब्द. अर्ली इंटरव्हेन्शनला सरकारी मराठीत शीघ्र हस्तक्षेप म्हणतात, ते ऐकून दारात पोलीस आल्यासारखं वाटतं म्हणून मी शक्यतो वापरत नाही. अर्थ सोपा आहे. जन्मापासून साधारण तीन वर्षांपर्यंतच्या ज्या मुलांचा विकास मागे पडतोय किंवा पडण्याची दाट शक्यता आहे, त्यांना आणि त्यांच्या घरच्यांना मूल लहान असतानाच मदत सुरू करायची. मदत म्हणजे फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी (खाणं, कपडे घालणं, खेळणं अशी रोजची कामं जमावीत म्हणून), स्पीच थेरपी, कानाचं-डोळ्यांचं बघणं, खाण्यागिळण्याच्या अडचणी, वागण्याबोलण्यातल्या अडचणी, आणि आईबापांना धीर, माहिती, रस्ता. यात मुलाला आधी काहीतरी आजाराचं नाव चिकटलेलं असलंच पाहिजे असं नाही, आणि दवाखान्यातला सगळ्यात मोठा गैरसमज इथेच आहे. डॉक्टरांना वाटतं आधी डायग्नोसिस पक्कं करू मग पाठवू. आणि डायग्नोसिस पक्कं व्हायला मोठ्या तज्ज्ञाची अपॉइंटमेंट लागते, ती मिळायला महिने जातात, तोवर मूल दीड वर्षाचं होतं ते सव्वादोनचं होतं. अहो, दोन्ही एकदम चालू द्या ना. बोलत नाही म्हणून स्पीच थेरपी सुरू करायला का बोलत नाही हे शंभर टक्के कळायची गरज नसते. अमेरिकेत तर कायद्यातच ही सोय आहे. १९८६ साली त्यांनी अपंग मुलांच्या शिक्षणाच्या कायद्यात जन्मापासून तीन वर्षांपर्यंतच्या मुलांचा भाग जोडला, त्यात डॉक्टरच काय, आईबाबा स्वतःसुद्धा फोन करून मुलाचं नाव देऊ शकतात, प्रिस्क्रिप्शन लागत नाही. दवाखान्याला शंका आली तर सात दिवसांच्या आत कळवायचं आणि नाव आल्यापासून पंचेचाळीस दिवसांत तपासणी होऊन, मूल पात्र ठरलं तर त्याच्या घरच्यांबरोबरची पहिली प्लॅनची मीटिंगसुद्धा व्हायला हवी, असा नियम आहे. सगळीकडे तो पाळला जातो असं नाही, पण निदान घड्याळ लावलेलं आहे.

एवढी घाई कशाला, हा प्रश्न नेहमी येतो. मेंदूचं चित्र मी आता दाखवत नाही, मोतीबिंदूचं उदाहरण देते. मोठ्या माणसाला मोतीबिंदू झाला आणि ऑपरेशन दोन वर्षं लांबलं तरी नंतर दिसायला लागतं. बाळ जन्मतःच एका डोळ्यात दाट मोतीबिंदू घेऊन आलं तर ऑपरेशन पहिल्या सहा-आठ आठवड्यांत व्हावं लागतं. नंतर केलं तर डोळा स्वच्छ होतो पण नजर येत नाही, कारण दिसणं हे डोळ्याचं काम जेवढं तेवढंच मेंदूचं, आणि मेंदूने ती जागा तोवर दुसऱ्या डोळ्याला देऊन टाकलेली असते. ह्यूबेल आणि वीझल या दोन शास्त्रज्ञांनी मांजराच्या पिल्लांवर हेच दाखवलं आणि त्यांना १९८१ चं नोबेल मिळालं. म्हणून नवजात बाळाच्या डोळ्यात डोळे तपासायच्या उपकरणाने प्रकाश टाकून लाल चमक दिसते का बघणं (मोतीबिंदू असला की ती नीट दिसत नाही) ही छोटीशी तपासणी सोडायची नसते.

कानाचंही तसंच. १९९८ साली कोलोरॅडोमध्ये क्रिस्टीन योशिनागा-इटानो या संशोधक बाईंनी ऐकू न येणाऱ्या दीडशे मुलांचा अभ्यास छापला, त्यातल्या ७२ जणांचं निदान सहा महिन्यांच्या आत झालं होतं आणि ७८ जणांचं त्यानंतर. लवकर कळलेल्यांची भाषा स्पष्टपणे पुढे होती, आणि ऐकू कमी येतं की अजिबात येत नाही, घरची परिस्थिती कशी आहे, याने त्यात फार फरक पडला नव्हता. तिथूनच एक-तीन-सहा हा हिशोब रूढ झाला, म्हणजे एका महिन्यात तपासणी, तीन महिन्यांत पक्कं निदान, सहा महिन्यांत मदत सुरू. ज्यांना हे जमतंय त्यांनी आता एक-दोन-तीन करा असं २०१९ पासून सांगितलं जातंय.

आता बोलणं, चालणं, माणसांत मिसळणं या गोष्टींची खिडकी डोळ्यासारखी धाडकन बंद होत नाही. ती हळूहळू लोटली जाते. त्यामुळे चार वर्षांचं मूल घेऊन आलेल्या आईला "उशीर झाला हो" असं कधीही म्हणू नका, कारण चौथ्या वर्षीही, दहाव्या वर्षीही करण्यासारखं खूप असतं. फक्त पहिल्या तीन वर्षांत तेच काम कमी कष्टात होतं. आणि दुसरं, हेही खरं सांगायला हवं की अर्ली इंटरव्हेन्शनने डाऊन सिंड्रोम जात नाही, सेरेब्रल पाल्सी (लहानपणीच मेंदूला इजा झाल्याने हालचालींत येणारी अडचण) जात नाही, ऑटिझम जात नाही. मूल स्वतःच्या हाताने खायला लागतं, मागणं मागायला शिकतं, आखडलेले सांधे वाचतात, आईची झोप परत येते, काही मुलं अगदी वयाच्या बरोबरीला येतात, काही येत नाहीत. जादूचं आश्वासन देणाऱ्याकडे डॉक्टरांनी पाठवलं की तो विश्वास एकदाच तुटतो आणि परत जुळत नाही.

अजून एक गोष्ट दवाखान्यात कोणालाच माहीत नसते, ती म्हणजे थेरपी नेमकी कशी चालते. बहुतेकांना वाटतं मूल आत जातं, आई बाहेर बसते, तासाभराने मूल परत मिळतं. या वयात असं करून फारसा उपयोग होत नाही. हिशोब करा, तान्हं मूल दिवसातले बारा तास जागं धरलं तर आठवड्याचे चौऱ्याऐंशी तास होतात आणि थेरपिस्ट भेटतो एक तास. उरलेले त्र्याऐंशी तास घरच्यांचे. म्हणून चांगला थेरपिस्ट आईला, आजीला, सांभाळणाऱ्या बाईला शिकवतो. कपडे बदलताना पाय कसा धरायचा, वाटी लगेच हातात न देता क्षणभर थांबून मुलाने बघायची किंवा हात पुढे करायची वाट कशी बघायची, आंघोळीच्या वेळी कोणते शब्द परत परत बोलायचे. नवीन काम लावायचं नाही, जे रोज होतंच त्यातच घुसवायचं. हे पालकांना दवाखान्यातच कळलं तर "आमच्याकडे घेऊन जायला वेळ नाही" ही निम्मी तक्रार तिथेच मिटते.

आता दवाखानाच का, हे सांगते. पहिल्या तीन वर्षांत मुलाला घराबाहेरचं कोणी नियमित बघत असेल तर ते लसीकरणाच्या निमित्ताने डॉक्टर आणि नर्स. शाळा अजून सुरू नाही. म्हणजे हा एकच दरवाजा आहे ज्यातून जवळजवळ प्रत्येक मूल जातं. पण त्या दारात वेळ किती, तर दहा मिनिटं, त्यात वजन, लस, ताप, आईचे तीन प्रश्न, बाहेर वीस जण.

इथे तीन वेगळ्या गोष्टी एकमेकांत मिसळतात त्या सोडवून घेऊ. पहिली, लक्ष ठेवणं. प्रत्येक भेटीत आईला विचारायचं, मुलाकडे बघायचं, मागच्या वेळेच्या नोंदीशी ताडून बघायचं. दुसरी, स्क्रीनिंग. ठरलेल्या वयाला, ठरलेली प्रश्नावली, प्रत्येक मुलाला, शंका असो नसो. तिसरी, सविस्तर तपासणी, ती तज्ज्ञांची टीम करते. स्क्रीनिंग म्हणजे चाळण. चाळणीत वर राहिलं ते सगळं खडाच असतं असं नाही, दोनचार चांगले दाणेही राहतात, ते हाताने निवडायचे, त्यासाठी तिसरी पायरी. आणि चाळणीतून खाली गेलं म्हणून खडा नाहीच असंही नाही, म्हणून पहिली पायरी चालूच ठेवायची. हे एवढं नर्सला समजलं की ती आईला "तुमचं मूल टेस्टमध्ये फेल झालं" असं म्हणत नाही. हे वाक्य मी कानांनी ऐकलंय आणि त्या आईचा चेहराही बघितलाय.

अनुभवी डॉक्टर म्हणतात, मला बघूनच कळतं. कळतं, नाही कसं, ठळक असेल तर कळतंच. पण सौम्य अडचणी दहा मिनिटांत, रडणाऱ्या मुलात, निसटतात. फिलाडेल्फियातल्या दवाखान्यांमध्ये दोन हजारांवर लहान मुलांवर केलेला अभ्यास २०१३ साली आला, त्यात प्रश्नावली वापरलेल्या गटात अर्ली इंटरव्हेन्शनकडे पाठवलेल्या मुलांचं प्रमाण नुसत्या नजरेने बघितलेल्या गटाच्या जवळजवळ दुप्पट निघालं. म्हणजे डॉक्टर वाईट होते असं नाही, चाळण असली की हात कमी चुकतो एवढंच.

प्रश्नावल्या कोणत्या? एजेस अँड स्टेजेस नावाची एक आहे, ओरेगन विद्यापीठात तयार झालेली, आईबाबाच भरतात, बोलणं, मोठ्या हालचाली, बोटांची कामं, अडचण सोडवणं आणि माणसांशी वागणं अशा पाच बाजूंनी प्रश्न. ऑटिझमसाठी एम-चॅट आहे, सोळा ते तीस महिन्यांच्या मुलांसाठी, वीस हो-नाही प्रश्न. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स ही तिथल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना म्हणते की सर्वसाधारण स्क्रीनिंग नऊ, अठरा आणि तीस महिन्यांना करा आणि ऑटिझमचं अठरा आणि चोवीस महिन्यांना. प्रश्नावली आपल्या भाषेत नीट तपासून तयार केलेली असेल तीच घ्या, रिसेप्शनवर कोणीतरी उभ्या उभ्या भाषांतर करून विचारलं की प्रश्नाचा अर्थच बदलतो.

एम-चॅटमध्ये एक गंमत आहे आणि ती हमखास चुकते. स्कोअर दोनपर्यंत आला तर काळजी नाही, आठ किंवा त्यापुढे आला तर थेट पुढे पाठवा, पण तीन ते सात आला तर आईशी परत बोलून त्या त्या प्रश्नावर उदाहरणं विचारायची असतात, तो टेस्टचाच दुसरा भाग आहे. "तुमचं मूल बोट दाखवतं का" याला आई नाही म्हणते, आणि नंतर विचारलं की कळतं तो रोज खिडकीतून विमान दाखवतो, तिला वाटलेलं नावं सांगून दाखवतो का असं विचारलंय. हा दुसरा भाग वेळेअभावी सर्रास गाळला जातो, मग निष्कारण मुलं तज्ज्ञाकडे जातात, रांगा वाढतात, आणि डॉक्टर म्हणतात ही टेस्टच बेकार आहे. ज्या दवाखान्यात नर्सने हे फोनवर करायचं ठरवलं तिथे काम पाच-दहा मिनिटांत होतं.

आता "थांबून बघू" या दोन शब्दांकडे येते. यांच्यावर माझा फार राग आहे, तरी ते कुठून येतात हे मला कळतं. डॉक्टरांना आईला घाबरवायचं नसतं. शिवाय थांबलेली काही मुलं खरंच आपोआप बोलायला लागतात, ती लक्षात राहतात, आणि जी लागत नाहीत ती दुसऱ्या दवाखान्यात निघून जातात, ती लक्षात राहायला समोर असतात कुठे? त्यामुळे अनुभवच माणसाला फसवतो. मुलगे उशिरा बोलतात म्हणतात. मुलींपेक्षा किंचित उशिरा, हो, पण दोन वर्षांचा मुलगा दोन शब्द जोडत नाही याचं ते कारण होत नाही. घरात दोन भाषा आहेत म्हणून गोंधळतो म्हणतात. दोन भाषांमुळे भाषेचा विकास मागे पडत नाही, दोन्ही भाषांतले शब्द एकत्र मोजायचे असतात, आणि "एकच भाषा बोला घरात" असा सल्ला दिला की आजीचं आणि नातवाचं बोलणंच बंद होतं, वर फायदा काहीच नाही. वडीलही उशिरा बोलले म्हणतात. मग तर उलट जास्त लवकर बघा, घराण्यात असणं हे बेफिकीर राहण्याचं कारण कसं काय होतं हे मला आजवर कळलेलं नाही!

आणि बोलत नसलेल्या प्रत्येक मुलाचं ऐकणं तपासा, जन्मल्यावर कानाची टेस्ट पास झालेली असली तरीही. काही मुलांचं ऐकू येणं नंतर कमी होत जातं, गर्भात असताना सीएमव्ही या विषाणूची लागण झाली असेल तर विशेष. "आवाज दिला की बघतो" हे पुरेसं नाही, तो सावली हललेलीही बघतो.

काही खुणा अशा आहेत की तिथे थांबायचा प्रश्नच येत नाही. वर्षाचं होऊन बडबड नाही, टाटा करणं, बोट दाखवणं असे हावभाव नाहीत. सोळा महिन्यांना एकही शब्द नाही. दोन वर्षांना स्वतःहून जोडलेले दोन शब्द नाहीत. नऊ महिन्यांना आधाराशिवाय बसत नाही. अठरा महिन्यांना चालत नाही, आणि तो मुलगा असेल तर सीके नावाची साधी रक्ततपासणी करून घ्या, डुशेन या स्नायूंच्या आजाराचा सुगावा तिथे लागतो, नाहीतर तो आजार कळायला वर्षं जातात. वर्षाच्या आत एकाच हाताने सगळं करतोय, तर आजी कौतुकाने डावखुरा म्हणते, पण एवढ्या लहान वयात हाताची पसंती ठरत नसते, दुसऱ्या हातात काही अडचण आहे का ते बघायचं. आणि येत असलेली गोष्ट गेली, शब्द गेले, बघून हसणं गेलं, तर कुठल्याही वयात, त्याच आठवड्यात पुढे पाठवा.

मध्यंतरी अमेरिकेतल्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने २०२२ मध्ये विकासाच्या टप्प्यांचे आपले तक्ते बदलले तेव्हा बराच वाद झाला. आधी त्यांच्या यादीत साधारण निम्मी मुलं ज्या वयात जे करतात ते लिहिलेलं असायचं, त्यामुळे एखादी गोष्ट येत नसली तरी सगळे म्हणायचे निम्म्यांना येतच नाही की. आता पंचाहत्तर टक्के किंवा जास्त मुलं जे करतात ते लिहितात, रांगणं तर यादीतून काढूनच टाकलं कारण काही मुलं न रांगता थेट उभी राहतात. स्पीच थेरपिस्टांपैकी अनेकांना बोलण्याचे टप्पे फार पुढे ढकलले असं वाटलं आणि त्यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. पण दवाखान्यासाठी त्यातला मुद्दा कामाचा आहे. या नव्या यादीतलं काही येत नसेल तर चारातली तीन मुलं ते करतायत, मग थांबायला जागा कुठे उरली?

वेळेआधी जन्मलेल्या बाळांचं वय मोजतानाही घोळ होतो. दोन महिने आधी जन्मलेलं बाळ कॅलेंडरने सहा महिन्यांचं असेल तर विकास बघताना ते चार महिन्यांचं धरायचं, असं साधारण दोन वर्षांपर्यंत. लसी मात्र कॅलेंडरच्या वयानेच. पण हा हिशोब टप्पे बघण्यासाठी आहे, गप्प बसण्यासाठी नाही. खूप लवकर जन्मलेलं, आयसीयूत राहिलेलं बाळ मुळातच जोखमीचं, त्याचं नाव घरी जातानाच आमच्याकडे, म्हणजे अर्ली इंटरव्हेन्शनवाल्यांकडे, यायला हवं. सेरेब्रल पाल्सी दीड-दोन वर्षांशिवाय सांगता येत नाही हेही आता जुनं झालं, बाळाच्या आपोआप होणाऱ्या हालचालींचा व्हिडिओ बघून, ठरलेली तपासणी आणि मेंदूचा एमआरआय जोडून अनेकदा सहा महिन्यांच्या आतच कळू शकतं. डाऊन सिंड्रोमसारखं निदान तर जन्मतः हातात असतं, तिथे बाळ मागे पडायची वाट कशाला बघायची?

इथपर्यंतचं सगळं मी आधीही सांगायचे. आता घोडं पेंड कुठे खातं ते. अमेरिकन अकॅडमीने स्क्रीनिंगच्या सूचना सतरा दवाखान्यांमध्ये नऊ महिने राबवून बघितल्या आणि त्याचा अहवाल २०१० साली छापला. स्क्रीनिंगचं काम झकास झालं, ठरलेल्या वयाच्या पंच्याऐंशी टक्क्यांहून जास्त मुलांची प्रश्नावली भरली गेली. पण ज्यांच्या प्रश्नावलीत अडचण दिसली त्यातल्या फक्त एकसष्ट टक्के मुलांना पुढे पाठवलं गेलं. म्हणजे फॉर्म भरला, स्कोअर काढला, लाल आला, आणि दहातली चार मुलं तिथेच राहिली. आणि ज्या दवाखान्यांनी पाठवलेल्यांचा माग ठेवायचा प्रयत्न केला त्यांना कळलं की बरीच कुटुंबं पुढे पोचलीच नाहीत. हे वाचलं आणि मी प्रेझेंटेशन फेकून दिलं. ज्ञान कमी नव्हतंच. शंका आणि पहिली थेरपी यांच्यामधला रस्ता कोणाच्याच मालकीचा नव्हता.

त्यामुळे आता दवाखान्यात गेले की मी कागदावर एका मुलाचा रस्ता काढायला लावते. मूल दारातून आलं, फॉर्म कोण देतं? वय बघून देतं की आठवलं तर देतं? आईला वाचायला अडचण असेल तर कोण मदत करतं? स्कोअर कोण काढतं, डॉक्टरांच्या टेबलावर फॉर्म मूल आत जायच्या आधी पोचतो की नंतर? नंतर पोचत असेल तर त्या फॉर्मचा उपयोग शून्य, तो फाइलमध्ये जाऊन झोपतो. पाठवायचं ठरलं तर फोन कोण करतं? बहुतेक ठिकाणी उत्तर येतं की आम्ही नंबर लिहून देतो. तो कागद पर्समध्ये जातो. घरी जाऊन सासूबाई म्हणतात काही नाही झालेलं त्याला, नवरा म्हणतो पुढच्या महिन्यात बघू, आणि पुढच्या महिन्यात तो कागद धुतलेल्या पिशवीत लगदा होऊन निघतो. दवाखान्याने तिथल्या तिथे, आईसमोर, तिच्या परवानगीने आमच्याकडे नाव पाठवलं तर गोष्ट वेगळी होते, मग आम्ही तिला फोन करतो, तिला धाडस करावं लागत नाही.

दुसरी एक क्षुल्लक वाटणारी गोष्ट, सहीची. दवाखाना आम्हाला माहिती पाठवतो, पण आम्ही काय बघितलं, काय सुरू केलं हे आम्ही डॉक्टरांना परत कळवायचं तर पालकांची लेखी संमती लागते. ती पहिल्याच फॉर्मवर घेतलेली नसली की आमचे हात बांधलेले. डॉक्टरांना वाटतं, दहा मुलं पाठवली, एकाचंही पुढे काय झालं कोणी सांगितलं नाही, आणि अकरावं मूल ते पाठवत नाहीत. त्यांची चूक म्हणवत नाही. फॉर्मवर एक ओळ आणि एक सही वाढवली की हे सुटतं. आमच्या बाजूनेही आळस असतोच, चार ओळींचं पत्र लिहायला थेरपिस्टला तीन महिने लागतात आणि ते पत्र असं असतं की त्यातली भाषा थेरपिस्टलाच कळावी. आता आम्ही अर्धं पान लिहितो, मूल पोचलं की नाही, काय दिसलं, काय सुरू केलं, डॉक्टरांकडून काय हवंय.

मग बोलणं. पालकांशी कसं बोलायचं हे कोणीच शिकवत नाही, आणि सगळ्यात जास्त मुलं इथेच गळतात असा माझा अंदाज आहे. "काळजीचं काही नाही पण दाखवून घ्या" म्हटलं की आई फक्त पहिला अर्धा भाग ऐकते. "मला ऑटिझम वाटतोय" असं दहा मिनिटांच्या भेटीत म्हटलं की ती त्यानंतरचं काहीच ऐकत नाही. मधला रस्ता आहे. जे दिसलं ते सांगा, जे तिने स्वतः लिहिलंय तेच दाखवा. एका डॉक्टर मॅडमची पद्धत मी उचलली आहे, त्या फॉर्म आईसमोर ठेवतात आणि म्हणतात, "तुम्ही इथे लिहिलंय की तो नावाने हाक मारली की बघत नाही आणि बोट दाखवत नाही. बरं झालं नीट लिहिलंत. या वयाची बरीच मुलं हे करायला लागलेली असतात. तो का करत नाही ते मला आज सांगता येणार नाही, पण ते शिकवणारी माणसं आहेत, त्यांना आत्ताच कळवूया. चालेल ना? आणि काल रात्रीपासून तुमच्या मनात काय चाललंय ते सांगा." शेवटचा प्रश्न महत्त्वाचा, कारण बहुतेक वेळा आईला आधीच संशय असतो. फ्रान्सेस ग्लॅस्को या संशोधक बाईंनी आईबाबांच्या काळजीवर बरंच काम केलं, दहा प्रश्नांची एक प्रश्नावलीच त्यावर तयार केली, आणि नीट विचारलं तर आईबाबांची काळजी बऱ्यापैकी बरोबर असते हे त्यात दिसलं. आई म्हणते काहीतरी वेगळं आहे, तर ती घाबरट आहे असं धरून चालू नका.

बाबा आणि आजी बरोबर असतील तर त्यांच्याशीही बोला. चिठ्ठी आईच्या हातात असते, निर्णय बऱ्याचदा तिच्या एकटीचा नसतो.

शिकवण्याचं म्हणाल तर आता मी वीस मिनिटं मागते, तासभर नाही, आणि अट घालते की रिसेप्शन आणि नर्स बसल्याच पाहिजेत. एक कागद देते, त्यावर आमचा फोन, कोण बोलेल, किती दिवसांत बोलेल, आणि वर सांगितलेल्या खुणा. सुरुवात एकाच वयापासून करायला सांगते, अठरा महिन्यांपासून, कारण सगळ्या वयांना एकदम सुरू करणारे दवाखाने तिसऱ्या आठवड्यात सगळंच सोडून देतात. महिन्याने परत जाते. सहा महिन्यांनी परत जाते, कारण तोवर नर्स बदललेली असते आणि नवीनला तो फॉर्म कशाचा हेच माहीत नसतं.

आणि रजिस्टर. लॅपटॉपवर ठेवा, वहीत ठेवा, मला फरक पडत नाही. मुलाचं नाव, पाठवल्याची तारीख, आणि दोन आठवड्यांनी केलेल्या फोनचा रकाना, त्यात "गेले", "नाही गेले, का" एवढंच. त्या रिसेप्शनवरच्या ताईंनी हे स्वतःच सुरू केलं होतं, मी सांगायच्या आधी, लसीच्या वहीच्या मागच्या पानावर. "का" च्या रकान्यात त्यांनी लिहिलेलं होतं: फोन उचलत नाहीत. बाबा नको म्हणाले. पत्ता सापडला नाही. पत्ता सापडला नाही. पत्ता सापडला नाही. आमची चिठ्ठी काढून बघितली, तर तिच्यावर आमच्या जुन्या ऑफिसचा पत्ता छापलेला होता.